विहिरीचं मीठ

थेंबआप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे असायचे. त्यात नवल काही नाही, आमच्या बीडकडच्या कितीतरी लिंगायत म्हाताऱ्यांच्या कपाळावर ते असतात. पण दुपारच्या घामानं भस्म धुऊन निघालं, की आप्पांच्या कपाळावर त्याच जागी तेच तीन पट्टे काळे दिसायचे. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले त्या पहिल्याच दुपारी ते पाहिलं आणि हातातली काचेची नळी मुकाट्यानं टेबलावर ठेवून दिली, फुटली असती म्हणून. बाकी कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सगळ्यांना सवय झालेली.

कारण अगदी साधं होतं. केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून आलेल्या माझ्यासारख्या दीडशहाणीला ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही, एवढंच. जनावराची कास सुजली की दुधात मीठ वाढतं, ते मोजायला आप्पा सिल्व्हर नायट्रेट वापरायचे. ते दिसायला पाण्यासारखं, ना रंग ना वास. पण कातडीला लागलं आणि त्यावर ऊन पडलं, की काळा डाग उमटतो आणि तो घासून जात नाही. आप्पांची पद्धत अशी, की ब्युरेट, म्हणजे ती खाली तोटी असलेली उभी आकडेवाली नळी, भरून झाली की खिशातली डबी काढायची, त्याच ओल्या बोटांनी कपाळाला भस्म लावायचं आणि मगच पहिला थेंब सोडायचा. "आप्पा, हात तरी धुवा," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "देवाला धुतलेला हात कावून पायजे? कामाचा हात चालतो त्याला."

त्यांनी हात लावलेली वस्तू त्या दिवशी कोरी दिसायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर बोटं उमटायची. दाराची कड, खुर्चीची पाठ, खिडकीचं लाकूड. झाडणाऱ्या बाई पुसून पुसून थकल्या आणि शेवटी त्यांनी ते दार पुसायचंच सोडलं. एकदा माझं काम मनासारखं झालं म्हणून "शाब्बास पोरी" म्हणत त्यांनी माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर, खांद्याला थाप मारली. मी ते विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी ॲप्रन दोरीवर वाळत घातलेला, आणि अंगणातून आईचा आवाज आला, "मंगल, हा कुणाचा हात हाय गं तुझ्या खांद्यावर?" पाचही बोटं स्पष्ट होती. मी हसत हसत सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तरीही मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली.

थेंब हे काही त्यांचं आडनाव नव्हे, कामगारांनी पाडलेलं नाव. दुधाची गाडी उन्हात खोळंबलेली असो की चेअरमन डोक्यावर येऊन बसलेले असोत, आप्पांचा थेंब आपल्या वेळेलाच पडायचा. काचेच्या निमुळत्या भांड्यात नमुना घ्यायचा, त्यात पिवळं क्रोमेट थोडं टाकायचं, आणि वरून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडत भांडं गोल फिरवत राहायचं. नमुन्यात मीठ आहे तोवर चांदी त्याच्याशीच गुंतलेली असते, नुसता पांढरा गढूळपणा येतो. मीठ संपलं, की पुढच्या थेंबाला अख्खं भांडं विटकरी होतं. तिथं थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. चांदी जास्त लागली म्हणजे मीठ जास्त. हे सगळं मला पुस्तकातून येतच होतं. आप्पांनी त्यात आपली भर घातली ती अशी: "सोडियम कुणाला दिसत न्हाई, पोरी. आपण त्याच्या जोडीदाराला पकडतो, क्लोराइडला. जोडीदार भेटला की समजायचं, दुसरा हितंच कुठंतरी हाय." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मी लागायच्या आधीच, दुष्काळाच्या अगदी तोंडाशी, आप्पांची बायको गेली होती. मुलगा शिवा पाटोद्याला किराणा दुकान चालवायचा आणि तिथंच राहायचा. म्हणजे घरी आप्पा एकटे. म्हणून असेल, पण ते संघात सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे, आणि डब्यात भाकरी आणि चटणी एवढंच असायचं. मी माझ्या डब्यातली भाजी वाढली की न बोलता खायचे. "मीठ जमलंय," एवढंच म्हणायचे. आमच्या आईला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

दुसराही पावसाळा कोरडा गेला आणि दूध आटलं. जनावरं छावणीला गेली, संघाच्या आवारात रिकामे कॅन उपडे पडून राहिले. आमचे चेअरमन म्हणजे बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा माणूस. ते म्हणाले, पिशव्या भरायचं मशीन रिकामं कावून ठेवायचं, आपण खेळाडूंचं पेय काढू. साखर, मीठ, लिंबाचा अर्क, पिवळा रंग. नाव ठेवलं 'दौड'. आमच्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्याला लागा, पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसणारच, आणि दुष्काळात तर जास्तच, कारण शेतात करायला काही उरलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे पेय. दुधाच्या पिशवीत पिवळं पाणी बघून पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, दूध नासलं. पण खपलं. पिशवीवर सोडियम किती ते छापलेलं असायचं, आणि रोजचा माल त्या आकड्याशी जुळतो हे आप्पांनी मोजून सही करून द्यायचं.

पाणी कुठलं, तर मागच्या विहिरीचं. संघाच्या बोअरमधून नुसती हवा येत होती, गावात टँकर चालू होते, आणि एवढ्या मुलखात ही एकच विहीर पाणी धरून होती. ती रुद्रभूमीला लागून. आमच्याकडे माणसाला जाळतात. लिंगायतांकडे खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भस्म आणि बेलाची पानं वाहतात, भोवती मीठ घालतात आणि माती लोटतात. त्यांची ती जागा म्हणजे रुद्रभूमी. आप्पांची बायको तिथंच, विहिरीकडच्या कडेला. तिथलं पाणी प्यायला लोक एरवी तयार झाले नसते, पण तहानेपुढं कुणाचं चालतं. चेअरमननी फिल्टर बसवला. फिल्टर गाळ अडवतो, मीठ अडवत नाही, हे त्यांना कोण सांगणार. पंपावरचा गणपत म्हणायचा, "तिकडच्या माणसांना तहान लागत न्हाई ना, म्हणून हिचं पाणी उरलं." आणि स्वतः मात्र घरून बाटली आणायचा.

पेयाबरोबर विहिरीचं नुसतं पाणीही रोज मोजायचं असा आप्पांचा दंडक होता. ते मोजताना हा माणूस बदलायचा. पेय मोजताना गप्प असायचा, आणि विहिरीचं पाणी समोर आलं की त्याचे ओठ हलायला लागायचे. मला वाटलं मंत्र असेल. एकदा काहीतरी घ्यायला जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "ये. सावकाश ये. घाई न्हाई." भांडं विटकरी झालं, आणि आकडा वाचायच्या आधी ते हळूच म्हणाले, "आलीस का."

बाहेर टळटळीत ऊन होतं, मशीनचा आवाज येत होता, तरी मी मागं वळून दाराकडे पाहिलं. मी विचारलं, "कोण आलं, आप्पा?" त्यांनी नळीकडे बोट केलं. "आज कालच्यापेक्षा वाढलंय. पाणी खाली चाललं की हे वर येतं." सांगितलं ते खरंच होतं. विहीर खचत होती आणि आकडा चढत होता. पण मी विचारलं होतं कोण, आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही, मला ते नकोच होतं.

दर वर्षी ते कपिलधारच्या यात्रेला जायचे आणि येताना धबधब्याच्या पाण्याची बाटली आणायचे. ते मोजायचे नाहीत, नुसती फळीवर ठेवायचे. त्या वर्षी गेले ते तशीच रिकामी बाटली घेऊन आले. धार पडतच नव्हती, खडक कोरडा. बूच घट्ट लावून त्यांनी ती रिकामी बाटली जुन्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली. "यंदा एवढंच गावलं," म्हणाले. चिठ्ठीवर तारीखसुद्धा लिहिली. प्रयोगशाळेत एकटीनं काम करताना मी त्या फळीकडे पाठ करून बसायला लागले, आता सांगायला लाज वाटत नाही.

माझी धाकटी बहीण सुली भरतीसाठी पळायची. घरी टँकरचं पाणी पुरवून वापरायचं आणि 'दौड'च्या पिशव्या मला संघातून फुकट मिळायच्या, म्हणून पोरगी पळून आली की पिशवीमागून पिशवी फोडायची. काही दिवसांनी म्हणायला लागली, "ताई, ह्यात मीठ लई हाय." मी तिला पिशवीवरचा आकडा दाखवला, आप्पांची सही आहे म्हणाले, आणि तिलाच खोटं पाडलं. मग तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पाय सुजले. प्यावं तितकी तहान वाढायची. एका सकाळी ती रस्त्यातच उलट्या करत बसली आणि तिच्या मैत्रिणींनी तिला धरून घरी आणलं. ओठांवर पांढरं साचलेलं. डॉक्टरांनी विचारलं, ही काय समुद्राचं पाणी पिते का?

मी तशीच संघात गेले. आप्पा चेअरमनच्या खोलीत होते. मी एक पिशवी फोडली आणि स्वतः मोजलं. छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढं गेले तरी भांडं पांढरंच. पुन्हा केलं, तेच. मग विहिरीच्या पाण्याचा त्या दिवशीचा आकडा त्यातून वजा केला आणि छापलेला आकडा तंतोतंत समोर आला. आप्पा रोज हेच करत होते. पेयातलं एकूण मीठ मोजायचं, त्यातून विहिरीचं मीठ वगळायचं, आणि उरलेल्यावर सही.

ते आत आले तशी मी तोंड सोडलं. मला बोलताना भान राहत नाही, तेव्हा तर नाहीच राहिलं. "ही कसली वजाबाकी, आप्पा? पिणाऱ्याच्या पोटात तर सगळंच जातं ना?"

ते खुर्चीत बसले. "आपण घातलं तेवढंच आपलं. विहिरीतलं आपण घातलेलं न्हाई. ते माझ्या हातानं कसं विकू?"

"कुणाचं आहे मग ते?"

त्यांनी खिडकीतून रुद्रभूमीकडे पाहिलं, आणि मग एका दमात, माझ्याकडे न बघता सांगितलं. बायकोला रक्तदाब होता. डॉक्टरनं मीठ तोडलं होतं, वर्षानुवर्षं ती अळणी जेवली, पानात कुणी मीठ वाढायला आलं की हात आडवा धरायची. "आणि शेवटी मीच तिच्या अंगाभोवती मीठ वतलं. शिवाच्या दुकानातलं अख्खं पोतं. रीत हाय, चुकत न्हाई. पण ती हात आडवा धरू शकली न्हाई, पोरी. हे पाणी मोजायला घेतलं तवापासून आकडा चढतोय. मीठ मातीतून पाण्यात उतरलं. मीठ आलं म्हंजे तीबी आली. रोज भेटती. आता तिला पिशवीवर छापू का मी?"

मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. पण सुलीचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर होते. "छापू नका," मी म्हणाले. "पण माझ्या बहिणीला पाजूही नका."

खरा आकडा लिहिला तर विहीर बंद होणार, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. आणि विहीर बंद झाली की त्यांचं ते रोजचं भेटणं संपलं. आप्पा उठले. नवीन नमुना घेतला, ब्युरेट भरली. भस्माची डबी काढली नाही. एकेक थेंब सोडत गेले, आणि या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. भांडं विटकरी झालं तेव्हा त्यांनी मला बोलावून आकडा दाखवला, काहीही वजा न करता अहवालात लिहिला आणि सही केली. हात स्थिर होता. डोळ्यांतून पाणी मात्र चाललं होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

चेअरमन अहवाल घेऊन स्वतः आले. "आप्पा, ही विहीर गेली तर सगळंच बंद. कळतंय का तुमाला?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय."

"संघाचं मीठ खाल्लंय तुमी."

"खाल्लंय. म्हणून तर मोजून सांगतोय," आप्पा म्हणाले.

मोटार उचलली, विहिरीवर फरश्या टाकून वर सिमेंट केलं. मशीन पुन्हा थंड पडलं. काही लोक माझ्याशी बोलेनासे झाले, आप्पांशी तर कुणीच बोलेना, आणि त्यांचाही संसार होता, त्यांना दोष देत नाही. सुली हळूहळू बरी झाली, पळायलाही लागली. आप्पा मात्र यायचे बंद झाले. मी घरी गेले तेव्हा ते खाटेवर पडून होते, शिवा पाटोद्याहून येऊन राहिला होता. कपाळ कोरं होतं. जुनी कातडी गेली तशी काळे पट्टेही गेले होते. इतके दिवस त्या पट्ट्यांना भिणारी मी, ते दिसेनात म्हणून रडले.

"विहिरीकडं कुणी जातं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, "शिवाला सांगून ठेवलंय. माझ्या वेळेला मीठ घालायचं न्हाई. मला कुणाच्या पाण्यात यायचं न्हाई." शिवानं मान खाली घातली. त्याला त्यांनी सगळं सांगितलं होतं.

मृग लागायच्या आधीच ते गेले. आभाळ स्वच्छ होतं. मी बायकांत, मागं उभी होते. बायकोच्या शेजारीच आप्पांची जागा धरली होती आणि खणणारे निम्म्यावर आले होते, तेवढ्यात खड्ड्याची तिच्याकडची बाजू थोडी ढासळली. खणणाऱ्यानं पहार टाकली आणि तो वर आला. शिवानं वाकून पाहिलं आणि मला हाक मारली, "ताई, हिकडं या. हे तुमालाच कळंल."

ढासळलेल्या मातीमागं पांढरं दिसत होतं. मीठ. दोन वर्षांपूर्वी ओतलेलं खडेमीठ, जसंच्या तसं. शिवानं एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. "आमच्याच दुकानातलं हाय." कोरडा होता. कडा अजून धारदार, बोटाला टोचणाऱ्या. थेंबभर जरी पाणी लागलं असतं तर त्या कडा आधी गेल्या असत्या.

मग डोक्यात उजेड पडला. मीठ आपलं आपण चालत नाही, त्याला पाणी घेऊन जातं. आणि आप्पांची बायको गेल्यापासून या मातीवर पाऊस पडलाच कुठं होता? धूळ बसण्यापुरतं भुरभुरलं असेल, तेवढंच. वरून पाणीच आलं नाही, तर मीठ विहिरीत उतरणार कशानं? विहिरीचं पाणी आटत होतं आणि तिचं स्वतःचं मीठ दाट होत होतं, इतकं ते साधं होतं. आयुष्य या कामात घालवलेल्या आप्पांना ते सुचलं नाही, आणि त्यांचं ऐकल्यावर मलाही सुचलं नाही. ती कुठंही गेली नव्हती. इथंच होती, हातभर मातीपलीकडे.

शिवा हळू आवाजात म्हणाला, "मग आप्पा रोज कुणाला ये म्हणत होते, ताई?"

विहीर माझ्या उजव्या हाताला होती. मी तिकडं मान वळवली नाही.

"आलीस का, असंबी म्हणायचे म्हणं," तो म्हणाला.

"मीठ आणलंय का?" मी विचारलं.

"रीत म्हणून आणलंय. पण आप्पा नको म्हणले होते."

"घाला," मी म्हणाले. "इथून ते कुठं जात नाही."

शिवानं पोत्याची शिवण उसवली. आप्पांना बसवलं, भस्म झालं, बेल झाला, आणि मग त्यांच्याभोवती मीठ ओतलं. ते चढत चढत ढासळलेल्या बाजूला पोचलं आणि तिकडच्या मिठाला जाऊन टेकलं. थोड्या वेळानं कुठलं कुणाचं ते सांगता येईना.